बॉनेटखालची लाल वायर

चिंचदरा, ता. पाथर्डी
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

ती. कचरूदादास,
सत्यशीलाचा सप्रेम जयभीम.

तुमचा पाय कसा हाय? प्लास्टर जानेवारी संपल्याबिगर निघनार न्हाई असं तुमची लेक वृषाली म्हनाली. परवा तिलाच फोन केला हुता. पन तुमाला ऐकू येत न्हाई, आन वृषालीला वायरीचं सांगून समजत न्हाई. त्यात रेंजसाठी घाट चढून वर पठारावर जावं लागतं. म्हनून लिहायला बसले.

दादा, मला गाडीची भीती वाटाय लागली हाय.

दिवाळी झाली तशा टोळ्या ऊसतोडीला गेल्या. वस्तीवरची निम्मी घरं कुलपात हायेत. दोन पिकअप हुत्या, त्या पन गेल्या. चार चाकांची म्हनून आपली जीपच ऱ्हायली. शेजारच्या आसारामनं जाताना त्याच्या आईला, कडूबाईला, माझ्या हवाली केलं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवारी आन शुक्रवारी पाथर्डीला डायलिसिसला न्यावं लागतं. एक वार चुकला तर अंगात पानी साठतं, दोन चुकले तर आमच्या हातात काई न्हाई, असं डॉक्टरनी तोंडावर सांगितलंय. मोटारसायकलवर ती बसू शकत न्हाई. १०८ ची गाडी अडीनडीला येती, आठवड्यातनं दोनदा न्हाई येत.

मंगळवारी घाट चढत हुतो. तिसऱ्या वळनावर इंजिन बंद पडलं. आधी फडफड न्हाई, धक्का न्हाई, काई न्हाई. बोलत्या मानसाच्या तोंडावर कोनी हात ठेवावा तसं गप झालं. मी ब्रेक दाबला तरी गाडी हातभर मागं सरकली. मागं दरी. हँडब्रेक धरतो न धरतो. कडूबाईला म्हनलं हलू नको, आन उतरून चाकाखाली धोंडा लावला. चावी फिरवली, स्टार्टर फिरतो पन इंजिन घेत न्हाई. अर्ध्या तासानं पुन्हा मारला तर एका झटक्यात चालू, जसं काई झालंच न्हाई.

आधीच्या शुक्रवारी सपाटीला असंच झालं हुतं. पाथर्डीच्या मच्छिंद्र मिस्त्रीनं प्लग बदलले, ठिणगीचे पॉइंट घासले. काई फरक न्हाई.

उद्या शुक्रवार हाय. लवकर लिहा.

तुमची,
सत्यशीला


मिरजगाव, ता. कर्जत
मंगळवार, १७ डिसेंबर २०२४

चि. सत्यशीला हीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र काल मिळालं. पाय ठीक आहे. माझी काळजी करू नकोस.

गाडी गरम झाल्यावर गप होते आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होते, एवढ्यावरून माझा पहिला संशय कॉइलवर आहे. बॉनेट उघडलंस की इंजिनाच्या बाजूला मूठभर जाडीचा काळा डबा दिसेल, त्यातून एक जाड वायर मधोमध निघते. बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करायचे आणि प्लगला ठिणगी द्यायची, हे त्याचं काम. आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तो डबा फार तापला की आतली तार दगा देते आणि निवला की पुन्हा काम करते.

पण आधी पेट्रोल की ठिणगी ते ठरव. पुन्हा बंद पडली तर कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या टोपीतून, उपट, कोरड्या लाकडी चिमट्यात धर आणि टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव बोट लांब ठेव. दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांग. निळी ठिणगी कडकडली तर दोष पेट्रोलचा. पिवळी, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही तर कॉइलचा. वायरला उघडा हात लावू नकोस, माणूस फेकला जातो.

दुसरं. कॉइलला सतत पूर्ण बारा व्होल्ट झेपत नाहीत. म्हणून चावी आणि कॉइलच्या मध्ये रेझिस्टर बसवलेला असतो. चिनीमातीचा पांढरा तुकडा, बोटाएवढा. स्टार्टर मारताना तेवढ्यापुरतं पूर्ण व्होल्टेज जातं, चावी सोडली की रेझिस्टरमधून सात-आठ व्होल्टच. त्या तुकड्याला कोणी हात लावला आहे का, नीट बघ. मीटर मिळाला तर चावी चालू ठेवून कॉइलवर किती व्होल्ट येतात तेही बघ.

गाडीत धोंडा ठेवतेस ना? दोन ठेव.

तुझा,
कचरूदादा


चिंचदरा
रविवार, २२ डिसेंबर २०२४

ती. दादास जयभीम.

तुमचं पत्र काल आलं. त्याच्या आधीच शुक्रवारी गाडी पुन्हा बंद पडली, ती पन घाट उतरताना. चढावर निदान आवाज गेलेला कळतो. उतारावर इंजिन गप झालं ते मला कळलंच न्हाई. पायाखाली गाडी पळत हुती आन मी गिअरमध्ये हाय असं समजत हुते. कडूबाई म्हनाली, "सत्यशीले, आवाज कुटं गेला?" तवा कळलं. दुसरा गिअर टाकून, ब्रेक दाबत दाबत खाली आनली.

आज अजिनाथला बोलवलं. वस्तीवर विजेची कामं करतो तो. त्याच्याकडं मीटर हाय. गाडी चालू करून तासभर उभी ठेवली, ती बंद पडली. तुमी सांगितलं तसं वायर धरून पाह्यलं, ठिणगी पिवळी, काजव्यागत. कॉइलला हात लावला तर चटका बसला. व्होल्ट मोजले ते बारा. सात न्हाई, आठ न्हाई, पूर्न बारा.

मग तो पांढरा तुकडा शोधला. दादा, त्याच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत लाल वायर टाकलेली हाय. रेझिस्टर नुसता नावाला हाय, करंट सगळा त्या लाल वायरीतनं जातो. वायर नीट बांधलीय, वर काळी पट्टी, त्यावर मेनानं घोटलेल्या दोऱ्याच्या सारख्या गाठी.

मी तशीच अजिनाथच्या मोटारसायकलवर बसून मच्छिंद्रकडं गेले आन चारचौघांत त्याला बोलले. म्हनलं, म्हातारं मानूस मारायला निघालाय का? तो म्हनाला, "ताई, मी त्या बाजूला हातसुदिक लावला न्हाई." मी ऐकून घेतलं न्हाई. त्याचं गिऱ्हाईक उभं हुतं, ते गाडी न टाकता निघून गेलं.

अजिनाथ म्हनतो वायर कापून टाकू. कापू का? मंगळवार परवावर आला.

सत्यशीला


मिरजगाव
गुरुवार, २६ डिसेंबर २०२४

चि. सत्यशीला हीस आशीर्वाद.

वायर कापू नकोस. त्या रेझिस्टरची तार आतून तुटलेली आहे. लाल वायर काढलीस तर गाडी स्टार्टरवर चालू होईल आणि चावी सोडली की लगेच बंद पडेल. घाई असली की लोक अशी वायर टाकतात, मग कॉइलला बाराच्या बारा व्होल्ट बसतात आणि ती भाजून निघते.

नवी कॉइल आणि नवा रेझिस्टर दोन्ही लागतील. जोडी एकमेकांना जुळणारीच हवी. जुन्या पेट्रोल गाड्यांचं सामान आता सहज मिळत नाही. नगरच्या एका दुकानाला वृषालीकडून फोन करवला आहे, ते शोधून पार्सल पाठवतील. तोवर दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नकोस. मच्छिंद्रचाही नको.

तोवर निघताना कॉइलवर ओलं फडकं गुंडाळ. घाटाच्या पायथ्याशी थांबून फडकं पुन्हा भिजव, वर पोचलीस की पुन्हा. कॉइल थंड राहिली तर धोका कमी.

कचरूदादा


चिंचदरा
मंगळवार, ३१ डिसेंबर २०२४

ती. दादास जयभीम.

फडक्यानं काम केलं. मागचे दोन वार वाटेत थांबत, कॉइल निववत गेलो हुतो, आज घाट न थांबता चढलो. पायथ्याशी फडकं पिळलं तर हातात वाफ आली.

तुमची हुशारी अजिनाथला सांगितली. रेझिस्टरची तार आतून तुटलीय हे मी लिहिलं नव्हतं, आमाला ठावंच नव्हतं. त्यानं पत्र वाचून मीटर लावला तर खरंच तुटलेली. म्हनाला, "शंभर किलोमीटरवरनं कसं वळखलं?" मी म्हनलं, माझ्या दादाची सगळी हयात लष्कराच्या वर्कशॉपात गेली, त्याला वासावरनं कळतं.

पन भीती कमी न्हाई झाली. घाट सुरू झाला की मी श्वास घेत न्हाई. कान इंजिनात. टायरखाली खडा उडाला तरी पाय ब्रेकवर जातो. कडूबाई दोन्ही हातांनी दांडी धरून बसती, तिची बोटं पांढरी पडतात. आज परत येताना म्हनाली, "शुक्रवारी मी न्हाई यायची. मरायचं तर घरात मरीन. दरीत न्हाई." मी समजूत काढली. समजली का न्हाई, ठाव न्हाई.

मच्छिंद्रचं काम बसलंय म्हनं. मी बोलल्यापासून घाटावरच्या वस्त्यांतलं कोनी त्याच्याकडं जात न्हाई. बरंच झालं. अशा मानसाच्या हातात गाडी द्यायची तरी कशी?

पार्सल कवा येनार?

सत्यशीला


मिरजगाव
शनिवार, ४ जानेवारी २०२५

सत्यशीला,

हे पत्र हातात पडलं की गाडीची चावी काढून ठेव. पार्सल येईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. कडूबाईला १०८ च्या गाडीतून ने, शेजारच्या गावातून ट्रॅक्टर माग, काहीही कर, पण या गाडीत बसवू नकोस. ओल्या फडक्याचा सल्ला मी द्यायला नको होता. तापलेल्या कॉइलच्या आत तेल असतं. ती फुटू शकते.

ती लाल वायर मी टाकली आहे.

तुझ्या मालकांच्या, काकासाहेबांच्या छातीत कळ आली तो दिवस आठव. मी तिथेच होतो. तू त्यांना मांडीवर घेऊन मागे बसली होतीस आणि गाडी चालू होत होती आणि चावी सोडली की मरत होती. तू विचारत होतीस काय झालं, मी म्हणत होतो पेट्रोल चढत नाही. पेट्रोल चढत होतं. मी आधी तिकडेच शोधत बसलो, चाळीस मिनिटं. आयुष्यभर गाड्या उघडल्या आणि त्या दिवशी साधा रेझिस्टर माझ्या ध्यानात आला नाही. आला तेव्हा लाल वायर टाकली आणि निघालो. पुढचं तुला माहीत आहे.

नंतर महिनाभर राहून तुला गाडी शिकवली. तेव्हा रोज ठरवायचो, नवा रेझिस्टर आणून लावू. पण ते बॉनेट उघडलं की ती चाळीस मिनिटं समोर यायची. गाडी उभीच असते, कधीतरी पाथर्डीला जाते, एवढ्याने काही होत नाही, असं मनाला सांगून परत आलो. मग खरोखर विसरलो. तुझ्या पहिल्या पत्राने शंका आली. लाल वायर आणि दोऱ्याच्या गाठी वाचल्या तेव्हा शंका उरली नाही.

तरी २६ तारखेला मी खोटं लिहिलं. "लोक टाकतात" असं लिहिलं. मच्छिंद्रला हात लावू देऊ नको असं लिहिलं, कारण त्याने ती गाठ बघितली असती. तू माझी हुशारी अजिनाथला सांगितलीस, ते वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही.

वृषालीला आज सगळं सांगितलं. ती सकाळपासून तुझा नंबर लावते आहे, लागत नाही. पार्सल बुधवारी पाथर्डीला पोहोचेल. बुधवारच्या आधी मंगळवार आहे, हे मला कळतं. पायाला हे ओझं नसतं तर मी एसटीने निघालो असतो.

गाडी काढू नकोस.

कचरू


चिंचदरा
बुधवार, ८ जानेवारी २०२५

ती. दादास जयभीम.

कडूबाई जित्ती हाय, हे आधी लिहिते. पाथर्डीला दवाखान्यात हाय. आता सांगते ते न घाबरता वाचा.

शुक्रवारी ती आलीच न्हाई. आतनं कडी लावून बसली. सोमवारी तिचे पाय सुजून खांबागत झाले. मंगळवारी सकाळी ती उंबऱ्यावर बसलेली, तोंड उघडं, श्वास बारीक बारीक. म्हनाली, "न्हे बाई मला. कशातबी न्हे." मी अजिनाथला मागं बसवलं, त्याच्या मांडीवर दोन्ही धोंडे. फडकं भिजवलं. निघालो.

पायथ्याशी पुन्हा भिजवलं. पहिलं वळन गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला बॉनेटखाली फाटकन आवाज झाला, जळक्या तेलाचा वास आला आन सगळं गप. मी ब्रेकवर उभीच ऱ्हायले. चाकं थांबली पन गाडी थांबली न्हाई, बारीक खडीवरनं तशीच घसरत मागं चालली. आरशात मला नुस्तं आभाळ दिसत हुतं. अजिनाथ वरडला, "डोंगराकडं! डोंगराकडं काप!" मी सगळ्या अंगाचा जोर लावून स्टेअरिंग फिरवलं. मागचा पत्रा डोंगराला धडकला आन गाडी तिरकी होऊन थांबली. अजिनाथनं उडी टाकून धोंडे लावले. दरीकडचं पुढचं चाक कडेपासनं दोन इतीवर हुतं. मी नंतर हाताची इत टाकून मोजलं. का मोजलं, ठाव न्हाई.

कडूबाई वरडली न्हाई. वरडायला तिच्यात वाराच नव्हता. तिला ताठ बसवलं, अजिनाथला तिच्यामागं टेकू दिला आन मी पळत वर पठारावर गेले. १०८ लावला. जवळची गाडी दुसरीकडं गेलीय, सव्वा तास लागंल म्हनाले, तरी पाठवा म्हनलं. सव्वा तास ती टिकनार न्हाई हे मला दिसत हुतं. पाथर्डीत दुसऱ्या कुनाचा नंबर माझ्याकडं नव्हता. मच्छिंद्रला लावला.

मी म्हनलं, "मी सत्यशीला. कॉइल फुटली. कडूबाई गाडीत हाय, तिला दम लागलाय." मला वाटलं आता ठेवंल फोन. तो म्हनाला, "कुठल्या वळनावर?"

त्याला यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी कडूबाईचा हात धरून बसले हुते. ती मधीच विचारायची, "आला का गं?" आन मी म्हनायची, आवाज येतोय. आवाज येत नव्हता.

मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आला. पिशवीत भंगारातल्या गाडीची कॉइल. माझ्याकडं बघितलं न्हाई. बॉनेट उघडलं, फुटलेली काढली, त्याची बसवली. म्हनाला, "ही रेझिस्टरबिगर चालनारी हाय, हिच्या पोटातच तेवढा दम हाय. पूर्न बारा व्होल्ट चालतील." मग लाल वायरीवरची गाठ अंगठ्यानं दाबून बघितली. "ताई, मी पट्टी दातानं तोडून चिकटवतो. असं दोरा ओढून बांधायला मला कोनी शिकवलं न्हाई. अशी बांधनी लष्करातल्या मिस्त्र्याची."

दादा, मी गाठ बघितली आन चावी फिरवली. गाडी चालू झाली. तो पुढं मोटारसायकल घेऊन, मी मागं. सव्वाअकराला दवाखान्यात पोचलो. १०८ ला नको म्हनून वरनंच कळवलं. डॉक्टर माझ्यावर लई तापले, अजून तासभर गेला असता तर पान्यानं फुप्फुसं भरली असती म्हनाले. दोन दिवस ठेवून घेतलंय.

पार्सल आलंय असं पाथर्डीहून सांगितलंय. आनलं न्हाई.

त्या गाठीचं मी तुमाला काई इचारत न्हाई. काई सांगायचं असंल तर तुमीच लिहा.

सत्यशीला


चिंचदरा
शनिवार, ११ जानेवारी २०२५

दादा,

तुमचं ४ तारखेचं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचा शिक्का दोनदा बघितला. मी इचारायच्या आधीच तुमी लिहिलं हुतं. ते बघून मी पोस्टमनसमोरच रडले.

ती चाळीस मिनिटं मला ठाव हुती. माझ्या मांडीवरच मानूस हुतं. मी तवा तुमाला दोष दिला न्हाई, आज पन देत न्हाई. वायर टाकली म्हनून निदान दवाखान्याच्या दारापर्यंत तर गेलो. त्यांचा जीव गेला तो आपल्या वस्तीच्या धुळीत न्हाई, पलंगावर, सलाईन लागलेली असताना.

पन २६ तारखेचं पत्र मी विसरनार न्हाई. तुमी तवा "मी टाकली" एवढं लिहिलं असतं तर ३१ ला मी मच्छिंद्रकडं गेले असते. ती कॉइल त्याच्या दुकानात खिळ्याला लटकत हुती, दादा, सगळा वेळ. शुक्रवार चुकला नसता. कडूबाईला मी दोन इतीवर नेलं नसतं. मला झोप लागली की गाडी मागं घसरती आन मी उठून बसते.

मच्छिंद्रची माफी मी मागितली. तो म्हनाला जाऊ द्या. पन चारचौघांत मी बोलले हुते, आन जे बोलले त्याला तुमी खतपानी घातलं. माझी माफी पुरी पडत न्हाई. तुमी त्याला तुमच्या हातानं लिहा. वृषालीकडनं मेसेज न्हाई.

सत्यशीला


मिरजगाव
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

मच्छिंद्र मिस्त्री यांस,
कचरू याचा नमस्कार.

आपली ओळख नाही. मी सत्यशीलाचा मोठा भाऊ. चौतीस वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या.

जीपच्या रेझिस्टरवर लाल वायर मी टाकली होती, दोन वर्षांपूर्वी. ती काढायची राहिली, आणि ती माझी आहे हे कळल्यावरही मी गप्प बसलो. तुमच्यावर आळ आला तो मी येऊ दिला. माझ्या बहिणीने तुम्हाला जे बोल लावले ते माझ्या वाट्याचे होते. हे पत्र तुम्ही दुकानात कोणालाही दाखवा, वाचून दाखवा. त्याला माझी हरकत नाही.

तुम्ही त्या दिवशी फोन ठेवला नाहीत. तुमच्या जागी मी असतो तर ठेवला असता का, याचा मी रोज विचार करतो आहे. उत्तर चांगलं येत नाही.

तुमचा अपराधी,
कचरू


चिंचदरा
शनिवार, २५ जानेवारी २०२५

ती. दादास जयभीम.

मच्छिंद्रला पत्र मिळालं. काल कडूबाईला दवाखान्यात सोडून मी दुकानावर गेले तवा त्यानं ते खिशातनं काढून माझ्या हातात दिलं. तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली. म्हनाला, "ताई, तुमीच वाचा. माझ्याच्यानं वाचवत न्हाई." मी उभ्यानं, मोठ्यांदा वाचलं. "तुमचा अपराधी" पर्यंत सगळं वाचलं. एका म्हाताऱ्यानं इचारलं, "भाऊ जित्ता हाय ना?" मी म्हनलं हाय. "मग बरं हाय," म्हनाला.

मच्छिंद्रनं पत्र परत घडी घालून ठेवलं. मग पार्सल उघडलं. तुमी पाठवलेली कॉइल आन रेझिस्टर दोन्ही त्यानं बसवले. लाल वायर काढली. मला मीटर धरायला लावला. चावी फिरवली, साडेसात व्होल्ट. तासभर गाडी चालू ठेवली, कॉइलला तळहात लावून बघितला, ठेवता आला.

कडूबाई आता येती. अजून दांडी धरती. मी पन तिसऱ्या वळनावर अजून श्वास घेत न्हाई, इंजिन बरं चाललेलं असलं तरी. ते जाईल का न्हाई, सांगता येत न्हाई.

आसारामचा फोन आला हुता, पट्टा पडल्यावर, कारखान्याचा हंगाम संपला की, येतो म्हनाला. त्याच्या आईनं त्याला घाटाचं काई सांगितलं न्हाई. मी सांगनार हाय.

तुमचं प्लास्टर निघालं की या. वृषालीला पन आना. राग हाय, ऱ्हाईल थोडे दिवस, तरी या. बॉनेट उघडायचं असंल तर मला शेजारी उभं करून उघडा, आन आत काय केलं ते मला सांगितल्याबिगर बंद करू नका.

तुमची,
सत्यशीला